पिशवीचा फोटो

सांगलीच्या गावभागात, एका बोळाच्या तोंडाशी, डॉक्टर ताम्हनकरांचं एक्स-रे क्लिनिक होतं आणि तिथं साळूबाई नावाची आया होती. डॉक्टर परवडले पण ही बया नको, असं पेशंटच्या घरची माणसं उघड उघड म्हणायची. सावळी, हाडापेरानं मजबूत, लुगड्याचा ओचा घट्ट खोचलेला, आणि तोंड असं की बोळातली कुत्रीसुद्धा तिला बघून बाजूला व्हायची. फोटो काढून झाला की डॉक्टरांच्या खोलीच्या दारात ती आडवा हात घालून उभी राहायची. जिचा फोटो काढला ती बाई आधी आत जाणार; नवरा, सासू, दीर, जे कोण आलं असेल ते तिच्या मागून.

“आवं, आमी तिच्या घरची माणसं हाय,” एखादी सासू तणतणायची.

“घरची हायसा न्हवं? मंग घरात चालवा तुमचं. हितं न्हाई.”

डॉक्टरांनी तिला कैकदा झापलं, दोनदा कामावरून काढून टाकलं. दोन्ही खेपेला आठवड्याच्या आत परत बोलावून घेतलं. कारण भीतीनं आखडलेल्या बाईला त्या टेबलावर धरून ठेवणं, मागचं सगळं धुऊन काढणं, या कामाला दुसरी कोणी टिकायची नाही.

तिला कजाग म्हणणारे पुष्कळ होते. ती कजाग कशानं झाली हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. आपल्याकडं पुरुषाला राग येतो तो परिस्थितीनं, आणि बाई मात्र जन्मतःच वाईट तोंडाची असते! तेव्हा साळूबाईचं काय झालं ते सांगायलाच हवं, आणि ते गोड करून सांगण्यासारखं नाही.

साळूबाईचं माहेर जत तालुक्यातलं आणि सासर आटपाडीच्या पुढची एक वाडी. नवरा धोंडिराम, सासू भामाबाई. थोडी जिरायत जमीन, थोडी मेंढरं. कष्टाला साळूबाई कधी हटली नाही. पण लग्नाला सहा-सात वर्षं झाली तरी कूस उजवली नाही, आणि मग तिचं सगळंच वाईट दिसायला लागलं. तिनं थापलेली भाकरी जाड झाली, तिनं राखलेलं कोकरू दगावलं. देवऋषी झाला, अंगारे झाले, ओल्या लुगड्यानं देवाला फेऱ्या घालून झाल्या. वाडीत कुणाची ओटी भरायची असली की बायका तिला म्हणायच्या, “तू चुलीपाशी बघ गं जरा.” म्हणजे समोर येऊ नकोस.

शेवटी सरकारी नर्सबाईनं भामाबाईच्या कानावर घातलं, की सांगलीला गर्भपिशवीचा फोटो निघतो. आत औषध सोडतात, आणि पिशवीच्या नळ्या मोकळ्या आहेत की बंद ते फोटोत दिसतं. भामाबाईला ते एकदम पटलं. सुनेवर इलाज करायला नव्हे. पंचांपुढं ठेवायला काहीतरी हातात पाहिजे होतं.

तर एके दिवशी एसटीनं तिघं सांगलीला आली. साळूबाई त्या थंडगार टेबलावर निजली. पोटात जी कळ आली ती तिला टेबलावरून उठवून उभी करील अशी होती, पण तिनं पदर दातात धरून सोसली. डॉक्टरांची रीत त्या वेळी अशी होती, की फोटो धुऊन झाला की ते दारातून विचारायचे, “बाईबरोबरची माणसं कोण?” आणि माणसं आत जायची. काय दिसलं ते माणसांना सांगायचं, फोटो माणसांच्या हातात द्यायचा. जिच्या पोटाचा फोटो, ती बाहेर बाकावर पोट धरून बसलेली. यात डॉक्टरांना काही वावगं वाटत नव्हतं. खरं म्हणजे कुणालाच वाटत नव्हतं, अगदी बाकावरच्या बाईलासुद्धा.

भामाबाई आणि धोंडिराम बाहेर आले. भामाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “पिशवी बंद हाय तुझी. डाक्टरनं सांगितलं.” धोंडिराम आपल्या पायातल्या वहाणा बघत उभा राहिला.

झालं. वाडीत पंच बसले. कडब्याची एक काडी मधोमध मोडली, दोन तुकडे दोन बाजूंना टाकले, आणि काडीमोड झाली. एवढ्याशा काडीनं बाई घराबाहेर पडते. साळूबाई भावाच्या, आकारामच्या दारात आली. भावजय तोंडावर काही बोलायची नाही, पण सकाळी चूल पेटवायच्या आत तिनं समोर येऊ नये असा शिरस्ता पडला. पुढं बहात्तरच्या दुष्काळात साळूबाईनं रस्त्याची खडी फोडली. दुष्काळ सरला, खडीचं काम सरलं, आणि भावाच्या घरात तिच्या ताटावर डोळे येऊ लागले तेव्हा ती उठून सांगलीला आली. एवढ्या मोठ्या गावात तिला एकच दार ठाऊक होतं. तिनं डॉक्टर ताम्हनकरांच्या पायरीवर बसकण मारली आणि झाडलोटीचं काम मागितलं. डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही, आणि तिनंही ओळख दिली नाही.

या डॉक्टरांच्या हाताखाली ती दोन वर्षं राबली. त्यांचा चहा आणला, त्यांचं टेबल पुसलं. पण माझ्या फोटोत काय होतं हो, असं एका शब्दानं विचारलं नाही. विचारायचं काय? सासूनं सांगितलं, नवऱ्यानं मान खाली घातली, पंचांनी काडी मोडली. इतक्या जणांनी खरं मानलेली गोष्ट खोटी असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. तिला स्वतःच्याच पोटाची शिसारी बसली होती.

आणि म्हणून सुरुवातीची साळूबाई निराळी होती. कजाग तेव्हाही होती, पण तिचा सगळा जाळ त्या बिचाऱ्या बायकांवर निघायचा. वड्याचं तेल वांग्यावर. टेबलावर कोणी रडली की ती म्हणायची, “रडून नळ्या उघडत न्हाईत. गप पड.” फोटो झाला की बाईला बाकावर बसवायचं, खांद्यावर हात ठेवून दाबून बसवायचं, आणि घरच्या माणसांना आत सोडायचं, हेच तिचं काम. एखादी उठून मागं जायला बघायची तर साळूबाई तिला खाली दाबायची. “बस. तुला काय कळतंय त्यातलं?”

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पायरीवर तीन माणसं आली. पुढं भामाबाई, वाळून काटकुळी झालेली पण पदर तसाच ताठ. मागं धोंडिराम, कानाजवळ पिकलेला. आणि दोघांच्या मध्ये पंचविशीच्या आतबाहेरची एक बाई, खाली मान घातलेली.

भामाबाईनं साळूबाईला बघितलं आणि तिचा पाय पायरीवरच थांबला.

“तू गं? हितं?”

“व्हय. घाण काढाय हाय. तुमच्या घरात काढत हुते तशीच. हितं निदान पगार मिळतो.”

भामाबाईनं त्या बाईला दंडाला धरून आपल्याकडं ओढलं. “हीच ती. तिची सावली पडू देऊ नगंस, अंजना.”

म्हणजे ही अंजना. आपल्या जागेवर आणलेली. आपल्या चुलीपाशी बसणारी. इतकी वर्षं साळूबाईनं अंधारात डोळे उघडे ठेवून त्या घराचं चित्र बघितलं होतं: अंगणात चार पोरं, भामाबाईच्या मांडीवर एक. आणि आता तेच लोक या दुसरीला त्याच फोटोला घेऊन आले होते. साळूबाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, चांगला पोटभर आनंद झाला. वास्तविक तिच्या डोक्यात तिथंच उजेड पडायला हवा होता, की शेत बदललं तरी उगवत नाही तेव्हा बियाण्याकडं बघावं. पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, माझा तळतळाट लागला.

आत टेबलावर तिनं अंजनाशी कसलीही माया केली नाही. “पाय सैल सोड. आमी बी सोसलंय हे,” ती खेकसली. डॉक्टरांनी औषध सोडलं तशी अंजना कळवळली आणि तिनं साळूबाईचा हात धरला. साळूबाईनं आपला हात सोडवून घेतला आणि तिची बोटं टेबलाच्या कडेवर नेऊन ठेवली. हिला धर म्हणून.

डॉक्टर फोटो धुवायला अंधाऱ्या खोलीत गेले. अंजना घामानं भिजून पडली होती. छताकडं बघत ती म्हणाली, “बंद निघाली तर आखाडाच्या आत तिसरी आणणार हायती. आत्याबाईच्या भावाची लेक. बोलणी झाल्यात.”

“मंग?”

“मला बाप न्हाई. चुलता दारात उभी करायचा न्हाई.”

“म्या न्हाई का जगले?” साळूबाई म्हणाली. “मरत न्हाई कोण.”

तिनं अंजनाला उठवलं, लुगडं सारखं करून दिलं आणि भिंतीच्या आधारानं उभी केली. मग ती फडकं घेऊन अंधाऱ्या खोलीच्या दाराशी गेली. डॉक्टर दार किलकिलं करून म्हणाले, “साळूबाई, हिच्या दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत. काही दोष नाही. तिच्या माणसांना पाठव माझ्याकडं.”

साळूबाईच्या अंगाची आग झाली. हिची मोकळी. म्हणजे तळतळाटही फुकट गेला. सगळ्या जगाच्या पिशव्या मोकळ्या आणि देवानं बंद केली ती एक तिचीच. अंजना चार हातांवर उभी होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. एका शब्दाचं काम होतं. ‘मोकळी हाय’ म्हणायचं, आणि त्या पोरीच्या जिवात जीव आला असता. साळूबाईनं तो शब्द दिला नाही. तिनं अंजनाला बाहेर आणलं, बाकावर बसवलं, खांद्यावर हात दाबला आणि भामाबाईला म्हणाली, “जा. बोलावलंय.”

भामाबाई आणि धोंडिराम आत गेले. बाकावर आणखी तीन-चार बायका आपापल्या माणसांबरोबर बसल्या होत्या. अंजना पोट धरून दाराकडं बघत होती.

दार उघडलं. भामाबाई बाहेर आली, तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “पिशवी बंद हाय तुझी. डाक्टरनं सांगितलं.”

साळूबाईला आधी वाटलं, म्हातारीला ऐकायला कमी येत असेल. मग तिनं धोंडिरामकडं बघितलं. तो आपल्या वहाणा बघत होता. तेच शब्द, तोच पदर, तीच खाली घातलेली मान. साळूबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

“काय म्हणालीस? परत म्हण.”

“तुझं काय काम हाय गं ह्यात?”

“परत म्हण, भामे!”

ज्या सासूच्या समोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तिला तिनं चारचौघांत नावानं हाक मारली. बाकावरची माणसं सावरून बसली.

“म्या माझ्या कानानं ऐकलंय. दोन्ही नळ्या मोकळ्या हायत हिच्या.”

“आयाबाईला काय कळतंय! झाडू मार जा.” भामाबाईनं अंजनाचा दंड धरला. “ऊठ. गाडी चुकंल.”

साळूबाई डॉक्टरांच्या खोलीच्या उंबऱ्यात फतकल घालून बसली. आतून डॉक्टर ओरडले, पुढची बाई पाठव. साळूबाई हलली नाही. डॉक्टर बाहेर आले, कपाळाला आठ्या.

“काय तमाशा आहे हा?”

“हिला सांगा. फोटूत काय दिसलं त्ये हिच्या तोंडावर सांगा.”

“मी घरच्यांना सांगितलं आहे. तू ऊठ आधी तिथून.”

“घरच्यांनी त्ये मधल्यामधी खाल्लं. तुमी सांगितल्याबगार म्या उठणार न्हाई, आन् आज एक बाई टेबलावर चढू देणार न्हाई. काढून टाका कामावरनं.”

डॉक्टर चिडले होते. पण समोर माणसं बघत होती, आणि धोंडिराम दाराकडं सरकायला लागला होता, तेही त्यांना दिसलं. ते अंजनाकडं वळून कोरड्या आवाजात म्हणाले, “बाई, तुमच्या नळ्या मोकळ्या आहेत. तुमच्यात दोष नाही. यजमानांची तपासणी करून घ्या, असं मी ह्यांना आत्ताच सांगितलं.”

बाकावर एकीनं तोंडाला पदर लावला. एक म्हातारा उगाच खोकला. अंजनानं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं, आणि त्यानं बघितलं भिंतीकडं.

“आन् माझं?” साळूबाई उठून उभी राहिली होती. “म्या बी ह्याच टेबलावर निजले हुते, डाक्टरसाहेब. हीच माणसं संगं हुती.”

डॉक्टरांनी तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. “तू? मला कसं आठवणार? फोटो घरच्यांच्या हातात देतो आपण. माझ्याकडं काही राहत नाही.”

मग उरली भामाबाई. सगळं क्लिनिक तिच्याकडं बघत होतं. दुसरी एखादी असती तर रडली असती, पाया पडली असती. भामाबाई उसळली.

“व्हय, तुझी बी मोकळीच हुती! घे. झालं समाधान? काय करायचं हुतं म्या? माझ्या ल्योकाला बायल्या म्हणवून घेऊ चावडीवर? एकुलता एक हाय त्यो माझा. सुना काय, मिळत्यात.”

साळूबाई तिच्या अंगावर गेली नाही. ती धोंडिरामच्या समोर जाऊन उभी राहिली. “तू तर आत हुतास. तुझ्या कानानं ऐकलंस. सात वर्सं तुझ्या अंथरुणात काढली म्या.”

“आय म्हणली तसं...” धोंडिराम पुटपुटला. एवढा बाप्या माणूस, पण त्याला वाक्यही पुरं करता आलं नाही. साळूबाई त्याच्या पायाशी थुंकली.

भामाबाई शिव्या घालत पायऱ्या उतरली. “चल गं,” धोंडिराम अंजनाला म्हणाला. अंजना उठली नाही. तो दारात घुटमळला, आईची हाक आली, तसा गेला. डॉक्टर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

साळूबाईनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि अंजनाजवळ बाकावर येऊन बसली. आत कुठंतरी तिला मोकळं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाशी तरी गोड बोलावंसं वाटलं. शेवटी या दोघी एकाच दावणीला बांधलेल्या होत्या. “पाणी पी,” ती म्हणाली. “तू भिऊ नगंस. माझी खोली हाय हितं. लहान हाय, पर दोघींना पुरंल.”

अंजनानं तांब्या घेतला नाही.

“त्या दिशी तू हितंच बसली हुतीस न्हवं?” तिनं विचारलं. “उठून आत का न्हाई गेलीस? एकदा इचारलं असतंस तर मला कुणी त्या घरात दिली नसती.”

“मला काय ठावं, त्ये खोटं बोलत्यात म्हणून?” साळूबाई म्हणाली. “तुला तरी ठावं हुतं का?”

“न्हवतं.” अंजना म्हणाली, “पर आज तुला ठावं हुतं. ती भाईर यायच्या आदीच डाक्टर तुला बोलला. तूच म्हणालीस मगाशी, कानानं ऐकलं म्हणून. तवा मला का न्हाई सांगितलंस? खांद्यावर हात दाबून बसीवलीस मला. ती दोगं परत येईस्तवर म्या हितं मरत हुते, आन् तू माझ्याकडं बघत उभी हुतीस.”

बाकावरच्या बायका आता साळूबाईकडं बघत होत्या. भामाबाईला चारचौघांत उघडी पाडणाऱ्या साळूबाईनं तांब्या पुन्हा पुढं केला.

“आत्याबाई आपल्या ल्योकासाठी म्हणून तरी खोटं बोलली,” अंजना म्हणाली. “तू कुणासाठी गप बसलीस गं?”

ती उठली, भिंतीला धरून पायऱ्या उतरली आणि बोळातून एकटीच निघून गेली. साळूबाई तिच्या मागं गेली नाही.